बटणांच्या डब्यातल्या बशा

चौदा वर्षं मी काचेच्या बशा धुतेय. तळहाताएवढ्या, पातळ, झाकणाच्या बशा. दिवसाला दीडशे. प्रयोगशाळेतली माणसं या बशांत जंतू वाढवतात, आणि वाढले की त्यांना मारायचे उपाय शोधतात. मधल्या वेळात त्या बशा उकळतं कोण, घासतं कोण, सात पाण्यांतून काढतं कोण, हे त्यांच्या कुठल्याच निबंधात छापून येत नाही. वाचणाऱ्याला वाटत असेल, बशा झाडाला लागतात. पिकल्या की तोडायच्या.

पण बशीत जरा काही बिघडू दे, पहिली आठवण माझी होते.

त्या सोमवारी तेच झालं. मी सिंकपाशी कोपरापर्यंत फेसात होते आणि मागून आवाज आला, “मावशी, बशांना साबण राहतोय.”

मी वळले नाही. “काय राहतोय?”

“साबण. धुण्यात काहीतरी गडबड होतेय तुमच्या. कंट्रोल पुन्हा टकला आलाय.”

बोलणारा होता प्रबंध. आईबापांनी त्याला दुसरं नाव ठेवलंय, पण पाच वर्षांत त्याच्या तोंडून दुसरा विषय कोणी ऐकला नाही, म्हणून सगळी प्रयोगशाळा त्याला प्रबंध म्हणते. बायको महिनाभर माहेरी गेली तेव्हा हा म्हणाला होता, “प्रबंधाच्या दृष्टीने बरंच झालं.” उंच, पाठीतून वाकलेला, चष्म्याच्या दांडीला चिकटपट्टी. माणूस वाईट नाही. पण शिकलेल्यांची एक खोड त्याला आहे. चूक सापडेनाशी झाली की त्यांची नजर हळूहळू खाली उतरते. पुस्तकावरून टेबलावर, टेबलावरून फरशीवर, फरशीवरून धुणाऱ्या बाईवर. तिथे आली की थांबते.

टकला कंट्रोल म्हणजे काय ते सांगते, अवघड नाही.

इमारतीमागे निलगिरीची सात झाडं आहेत. प्रबंध त्यांची पानं तोडून आणतो, काचेच्या चंबूत पाण्याबरोबर उकळतो आणि वर चढणारी वाफ थंड नळीतून खाली उतरवतो. खाली जमलेल्या पाण्यावर तेलाचा थर तरंगतो. किलोभर पानांमागे दोन-तीन चमचे, बास. त्या तेलाचा थेंब तो कागदाच्या टिकलीवर सोडतो. टिकली शर्टाच्या बटणाएवढी. जंतू पेरलेल्या बशीत मधोमध ती ठेवायची आणि बशी उबवणीच्या कपाटात चोवीस तास सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरलेली दिसते, आणि टिकलीभोवती तेवढं स्वच्छ रिंगण. रिंगण जेवढं मोठं, तेवढं तेल जालीम. प्रबंध पट्टी लावून रिंगण मोजतो आणि पोराचं वजन सांगावं तसा आकडा सगळ्यांना सांगत फिरतो.

कंट्रोल म्हणजे तशीच दुसरी बशी. तेच जंतू, पण टिकली कोरी. तिथे जंतू काठोकाठ माजलेच पाहिजेत. बिनतेलाच्या बशीतच ते मेले, तर तेलाने मारले हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि तीन आठवडे नेमकं तेच चाललं होतं. कंट्रोलच्या बशीत कुठे चार ठिपके, कुठे एखादा पट्टा, बाकी चकचकीत टक्कल.

“महिन्याभरापूर्वी नीट येत होते ना?” मी विचारलं.

“येत होते. मग पावडर बदलली.”

हे मात्र खरं होतं. जुनी पांढरी पावडर बंद झाली आणि भांडारवाल्याने निळी आणून दिली. निळीला फेस फार. फेस फार म्हणजे पाणीही फार.

“पावडर सोडून आणखी काय बदललं?”

“काहीच नाही.”

“कपाटाच्या दाराचं रबर फाटलं.”

“ते मी निस्तरलं, मावशी.”

निस्तरलं होतं खरं. रबर फाटल्यापासून कपाटात वारं शिरायचं आणि बशांतलं जंतूंचं खाद्य, ती जेली, सुकून तडकायची. तर याने घरून घट्ट झाकणाचा मोठा डबा आणला. तेलाच्या बशा, कंट्रोलच्या बशा, सगळ्या त्या एका डब्यात रचायच्या, झाकण दाबून बसवायचं आणि डबाच कपाटात ठेवायचा. “कंट्रोलला तीच ऊब, तोच ओलावा, तीच हवा मिळाली पाहिजे,” असं तो मला दर वेळी समजावायचा. “तेल सोडून बाकी सगळं सारखं. याला विज्ञान म्हणतात, मावशी.” मी मान डोलवायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायचं.

मग तो घुटमळला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मॅडमना सांगावं लागलं मला. शुक्रवारी ठरवणार आहेत.”

“काय ठरवणार?”

“प्लास्टिकच्या बशा. तयार मिळतात. वापरायच्या आणि टाकायच्या. धुवायची भानगडच नाही.”

“आणि मी?”

चष्मा पुन्हा निघाला. “तुम्हाला बहुतेक जिना देतील.”

जिना म्हणजे पाच मजल्यांचा जिना झाडायचा. जिना झाडण्यात कमीपणा आहे असं मी म्हणणार नाही. जो झाडतो तो माझ्या ओळखीचा आहे, भला माणूस आहे आणि त्याची कंबर गेलेली आहे. पण चौदा वर्षांत माझ्या हातची एक बशी डागाळलेली निघाली नाही, आणि आता ‘हिच्या धुण्याने जंतू मेले’ असा शिक्का कपाळावर मारून घेऊन मी त्या जिन्यावर जायचं? हट्!

प्रबंध गेला. मी धुतलेली बशी उचलली आणि खिडकीशी धरली. स्वच्छ काचेवर पाणी एकसंध चादरीसारखं सरकतं. साबण किंवा तूप-तेल राहिलं असेल तर पाणी फाटतं, थेंबथेंब होऊन उभं राहतं. हे मला कोणी शिकवलं नाही, माझं मी शिकले. दीडशेच्या दीडशे बशा खिडकीशी धरल्या. दीडशे चादरी सरकल्या.

तरी मंगळवारी मी सातऐवजी नऊ पाणी घेतली. हाताची सालं निघाली. बुधवारी दुपारी डबा उघडला, कंट्रोल टकला. प्रबंध माझ्याकडे बघून काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मी उलटून बोलले असते. न बोलता त्याने जो सुस्कारा टाकला ना, तो ऐकून मला स्वतःचीच शंका आली. खरंच साबण राहत असेल का? डोळे कमी झालेत का माझे? निर्दोष माणसाला आपल्याच हाताचा भरवसा वाटेनासा होतो, तेव्हा मला आरोप करणाऱ्याचा सगळ्यात जास्त राग येतो.

संध्याकाळी घरी आले ती अशी फणफणत. चप्पल एकीकडे, पिशवी दुसरीकडे.

सासूबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. वय एक्याऐंशी. डोळ्यांना कमी दिसतं, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. पुढ्यात पावाचा डबा.

“अगं, हा पाव मरत का नाही?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“पाव. गेल्याच्या गेल्या रविवारी आणलास तू. मी मोजलेत दिवस. दहा! चौथ्या दिवशी याला हिरवी दाढी फुटते एरवी. हा बघ, गुळगुळीत. नवरदेव झालाय.”

“मग खा की.”

“खाल्ला ना सकाळी. झाड चावल्यासारखं वाटलं. वास घे.”

मी वास घेतला. नाक थेट उघडलं. निलगिरी! सर्दीच्या औषधात बुडवून काढल्यासारखा पाव.

“आई, यात काय घातलंत तुम्ही?”

“मी काय घालणार? तू आणतेस तो कापूस. मुंग्यांसाठी.”

प्रबंध चंबूचं तोंड कापसाने पुसतो आणि कापूस टाकून देतो. मी तो घरी आणते, कारण मुंग्या त्या वासापासून चार हात लांब राहतात. एरवी मी तो खिडकीत ठेवते.

“पावाला लागला होता कापूस?”

“मी वेडी आहे का? हे बघ, बाटलीच्या बुचात ठेवलाय, कोपऱ्यात. पाव इकडे, बूच तिकडे. मधे तुझा हात जाईल.”

मी खरंच मधे हात घातला. चार बोटं मावली. झाकण घट्ट. पावाला तेलाचा थेंबही लागलेला नाही, तरी बुरशीची छाती झाली नाही.

मी तशीच उभी राहिले. डोळ्यांसमोर दुसरा डबा आला. मोठा, घट्ट झाकणाचा. खाली तेलाच्या टिकल्या, वर कंट्रोल. तीच ऊब, तोच ओलावा, तीच हवा.

“तीच हवा!” मी ओरडले.

“मला बहिरी समजतेस का?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुमचा बटणांचा डबा द्या.”

“कशाला?”

“नोकरी वाचवायची आहे.”

“बटणांनी?”

“डब्याने. बटणं इथेच राहू देत. मला असा घट्ट झाकणाचा डबा हवाय, ज्याला निलगिरीचा वारा लागलेला नाही. या घरात तुमचा तेवढाच उरलाय.”

त्या डब्याला त्या कोणाला हात लावू देत नाहीत. पन्नास वर्षांची बटणं आहेत त्यात, काही तर अशा शर्टांची, की ते घालणारी माणसंही आता नाहीत. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ निरखून बघितलं, म्हणजे जेवढं दिसतं तेवढं.

“रडलीस का तू?”

“नाही. चिडलेय.”

“मग ने,” त्या म्हणाल्या. “रडत मागितला असतास तर दिला नसता. शुक्रवारी परत पाहिजे. आणि बटणं कशात ठेवू तोवर?”

“पावाच्या डब्यात.”

“वास लागेल.”

“मुंग्या तर लागणार नाहीत!”

गुरुवारी सकाळी मी दोन डबे काखेत मारून मॅडमच्या टेबलापुढे उभी राहिले. मॅडम या प्रयोगशाळेच्या प्रमुख. ठेंगण्या, केस कापलेले, पायात पळायचे बूट. कमी बोलतात, आणि बोलतात ते समोरच्याला पुरून उरतं. भांडारवाला आधीच हजर होता, हातात प्लास्टिकच्या बशांचं पाकीट. प्रबंध बाजूला वही घेऊन.

“मॅडम, नमुना बघून घ्या,” भांडारवाला म्हणाला. “ना धुणं, ना फुटणं, ना कोणाची कटकट.”

कटकट म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी पावाचा डबा मॅडमपुढे ठेवला आणि झाकण उघडलं. बटणं मी पहाटे एका मोज्यात भरून ठेवली होती, नाहीतर भलताच गोंधळ झाला असता.

“दहा दिवसांचा पाव,” मी म्हणाले. “आज अकरावा. बुरशी शोधून दाखवा.”

मॅडमनी पाव उलटापालटा केला. भिंगातून बघितला. बुचातला कापूस चिमट्याने उचलला आणि वास घेतला. भुवया वर गेल्या.

प्रबंध हसला. चेष्टेने नव्हे, कीव येऊन, आणि ते जास्त लागतं. “मावशी, पावावर येते ती बुरशी. माझे जिवाणू आहेत. दोन्ही वेगळे असतात.”

“माहितेय मला. चौदा वर्षं दोन्ही खरवडतेय मी.”

भांडारवाला खो-खो हसला.

“कापूस पावाला चिकटलेला नव्हता,” मी मॅडमना सांगितलं. “तेलाची हवाच पावाला लागली, डबा बंद होता म्हणून. याच्या डब्यात तेच होत असणार. तेलाच्या बशीतून हवा निघते, झाकणाच्या फटीतून कंट्रोलच्या बशीत शिरते आणि जंतूंना आडवं करते. नाव मात्र माझ्या साबणाचं. कंट्रोल टकला व्हायला लागला तो डबा आला त्या आठवड्यापासून. तारखा वहीत असतील, बघा.”

“त्याच आठवड्यात पावडरही बदलली,” प्रबंध म्हणाला.

“म्हणून तर पैज लावतेय. तू बशा धू. साबणाचा कणही न लावता. मी निळ्या पावडरीने धुते. माझ्या बशा या बटणांच्या डब्यात, तुझ्या तुझ्या डब्यात तेलाशेजारी. बघू कोणाचे जंतू जगतात.”

“थांबा,” मॅडम म्हणाल्या.

सगळे थांबलो.

“अर्धवट आहे. त्याच्या बशा मेल्या आणि तुमच्या जगल्या, तर तो म्हणेल मला धुता येत नाही म्हणून मेल्या. दोघांच्या बशा दोन्ही डब्यांत ठेवा. चार-चार. साबणाचा दोष असेल तर मावशींच्या बशा दोन्हीकडे मरतील. तेलाचा असेल तर एका डब्यात दोघांच्याही मरतील आणि दुसऱ्यात दोघांच्याही जगतील. पेरणी मी स्वतः करते, म्हणजे उद्या कोणी कोणाकडे बोट दाखवायला नको. आणि दोन्ही डबे शेजारच्या विभागाच्या कपाटात. त्यांचं रबर शाबूत आहे.”

मला राग आला, कारण हे मला सुचायला हवं होतं. पण बाई हुशार आहेत, ते मानते मी.

मग प्रबंध धुवायला उभा राहिला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या त्या एक कोपराच्या वर आणि एक खाली. गरम नळ सोडला आणि “आई गं!” म्हणून मागे उडी मारली. पहिली बशी निसटून फुटली. दुसरी त्याने अशी घट्ट धरली की तीही फुटली. भांडारवाला दाराला टेकून मोजत होता.

“दोन! साहेब, प्लास्टिक फुटत नाही बरं का.”

“तुम्ही जा हो,” प्रबंध म्हणाला.

“कसा जाऊ? असं रोज बघायला मिळतं का?”

मी हाताची घडी घालून उभी होते. सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्याने कडा सोडून नुसता मध्य घासायला घेतला तेव्हा माझ्याने राहवेना. “कडेला अंगठा फिरव. जेली कडेला चिकटते.”

“मावशी, प्रयोगात ढवळाढवळ नको.”

“बरं बाबा. राहू दे कडा.”

आठ बशांना त्याला पाऊण तास लागला. माझ्या आठ बशा तोवर धुऊन, भट्टीत कोरड्या होऊन थंडही होत आल्या होत्या. निळ्या पावडरीने, सात पाणी. नऊ नव्हे. रोजच्यासारख्या. माझ्या बशांच्या बुडावर ‘मा’ लिहिलं, त्याच्या बशांवर ‘प्र’. मॅडमनी जेली ओतली, जंतू पेरले, कोऱ्या टिकल्या ठेवल्या. प्रबंधच्या डब्यात तळाला तेलाच्या दोन बशा आणि वर आमच्या चार-चार. बटणांच्या डब्यात, तो गरम पाण्याने धुऊन आणि स्पिरिटने पुसून घेतल्यावर, आमच्या नुसत्या चार-चार.

डबे शेजारच्या कपाटात ठेवून आम्ही परत येत होतो. प्रबंध माझ्या बाजूने चालत होता. म्हणाला, “मावशी, तुमचं बरोबर निघालं तर माझे तीन आठवडे पाण्यात.”

“आणि तुझं बरोबर निघालं तर माझी चौदा वर्षं.”

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

“ते दिसतंच आहे,” मी म्हणाले.

शुक्रवारी दुपारी टेबलाभोवती इतकी माणसं जमली की मलाच माझे डबे बघायला वाट काढावी लागली. शेजारच्या विभागातले आले होते. जिना झाडणारा आला होता, कारण मी त्याच्या जिन्यावर येणार अशी वार्ता त्याच्यापर्यंत पोचली होती आणि त्याला त्याचा जिना सोडायचा नव्हता.

“आधी हा,” म्हणून मॅडमनी बटणांच्या डब्याचं झाकण काढलं.

‘मा’ एक. झाकण उघडून उजेडाला धरली. काठोकाठ साय! दाट, पांढरट, एकसारखी. ‘मा’ दोन, तीन, चार, सगळ्या तशाच. निळी पावडर, सात पाणी, आणि जंतू लग्नघरातल्या वऱ्हाडासारखे माजलेले. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

‘प्र’ एक, दोन, तीन, त्याही भरलेल्या. ‘प्र’ चार मॅडमनी जरा जास्त वेळ धरून ठेवली. सायीच्या कडेला एक हिरवट, केसाळ गोळा बसला होता.

“हा कोण?” मॅडमनी विचारलं.

“पाहुणा,” मी म्हणाले. “कडेला बसलाय. धुण्यात काहीतरी गडबड होतेय तुमच्या, साहेब.”

भांडारवाल्याला हसून ठसका लागला. प्रबंधचे कान लाल झाले, पण हसला तोही. तेवढं त्याच्या बाजूने सांगते.

मग दुसरा डबा. झाकण निघताच वास असा अंगावर आला की पुढचे दोघे मागे सरले. ‘मा’ एक, टक्कल. ‘मा’ दोन, एका कडेला तीन ठिपके. ‘प्र’ एक, टक्कल. अशा आठही बशा. साबणाच्या आणि बिनसाबणाच्या, माझ्या आणि त्याच्या, सगळ्यांची एकसारखी हजामत.

प्रबंध स्टुलावर बसला. “मीच दिली त्यांना तीच हवा,” तो म्हणाला. “सगळं सारखं असावं म्हणून.”

“अगदी सारखं दिलंस,” मॅडम म्हणाल्या, आणि हसल्या. चौदा वर्षांत मी त्यांना मोठ्याने हसताना दोनदा बघितलंय, त्यातली ही दुसरी वेळ. “पट्टी घेऊन टिकलीभोवतीची रिंगणं मोजत होतास, आणि तुझं तेल डबाभर हिंडून जंतू मारत होतं. तू ज्याला बिघाड समजलास तेच बघायला हवं होतं. दुसऱ्या पानांच्या तेलात लोकांनी हे पाहिलेलं आहे, आपण काही आभाळ शोधून काढलं नाही. पण आपल्या या झाडाचं, आपल्या या जंतूंवर कोणी मोजलेलं नाही. किती तेल, केवढा डबा, किती तास, कोणते जंतू मरतात, कोणते नुसते झोपतात. मोज.”

प्रबंधने मान वर केली. मेलेल्या माणसात जीव यावा तसं झालं.

“म्हणजे... प्रबंधात नवं प्रकरण?”

“झालं सुरू,” जिना झाडणारा म्हणाला आणि निघून गेला. त्याचं काम झालं होतं.

भांडारवाल्याने पाकीट उचललं. “मग हे परत नेऊ?”

“न्या,” मॅडम म्हणाल्या. “आणि येताना कपाटाच्या दाराचं रबर आणा. तीन आठवडे मागतोय आम्ही.”

सगळे खुशीत पांगायला लागले. मी हलले नाही. खुशी झाली की लोकांना वाटतं हिशेब मिटला. माझा मिटला नव्हता.

“मॅडम,” मी म्हणाले, “तीन आठवडे या खोलीत साबण-साबण ऐकलंय मी. सगळ्यांनी म्हटलं. तुम्ही म्हटलं नाहीत, पण प्लास्टिक मागवलंत. एकाने तरी मला विचारलं का, मावशी, तुम्हाला काय वाटतं? पावाने सांगितलं तेव्हा कुठे ऐकून घेतलंत.”

मॅडमनी भिंग खाली ठेवलं.

“नाही विचारलं,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं.”

इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. पुढची चार वाक्यं मी रात्रीच तयार करून ठेवली होती, ती फुकट गेली.

“मग दोन गोष्टी हव्यात मला,” मी म्हणाले. “एक, पैज मी जिंकलेय. हा आठवडाभर बशा धुणार. दुसरी, याच्या प्रबंधात बशा कशा धुतल्या ते लिहिलं गेलं पाहिजे.”

“लिहिलंय ना, मावशी,” प्रबंध म्हणाला, आणि वहीतून वाचून दाखवलं, “‘स्वच्छ केलेल्या बशा वापरल्या.’”

“कशा स्वच्छ केलेल्या? कोणी? फुंकर मारून?”

मॅडम म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं. पद्धतीत हे लिहायचंच असतं. आपण आळस करतो. लिहून घे.”

आणि मग मी उभी आणि प्रबंध स्टुलावर, अशी मी त्याला सांगत गेले. आधी वाफेच्या दाबाखाली उकळून जंतू मारायचे. जेली गरम असतानाच काढायची. पावडर एवढी. कडेला अंगठा. सात पाणी, शेवटचं गाळलेलं. खिडकीशी धरून बघायची, पाणी चादरीसारखं सरकलं तर बशी पास. तो लिहीत होता, मधेच थांबला.

“चादरीचं कुठून आलं तुमच्याकडे? कुठल्या पुस्तकात आहे?”

“सिंकमध्ये आहे,” मी म्हणाले.

डबा संध्याकाळी परत गेला. तोही वाफेच्या दाबाखाली उकळून, वरचा अर्धा रंग उडालेला. सासूबाईंनी हाताने चाचपला, वास घेतला.

“जंतू होते म्हणे यात?”

“होते. काठोकाठ.”

“जगले?”

“सगळे जगले, आई. एकूण एक.”

“शाबास,” त्या म्हणाल्या आणि मोजा उलटा करून पन्नास वर्षांची बटणं खळखळ आत ओतली. मग एक उचलून नाकाशी धरलं. “याला निलगिरीचा वास येतोय.”

“एका रात्रीचा आहे. उडेल.”

“न उडो. नाक मोकळं झालं.”

सोमवारी सकाळी नऊला प्रबंध सिंकपाशी उभा होता. बाह्या या वेळी दोन्ही सारख्या दुमडलेल्या. घरून बायकोचा ॲप्रन आणला होता, त्यावर मोठमोठी फुलं. मी स्टुलावर बसले, चौदा वर्षांत पहिल्यांदा, आणि चहाचा कप मांडीवर घेतला. त्याने पहिली बशी घासली, कडेला अंगठा फिरवला, तोंडाने मोजत सात पाणी घेतली आणि खिडकीशी धरून मला दाखवली.

पाणी सरकलं. अर्ध्यावर येऊन फाटलं आणि डाव्या कडेला एक थेंब उभा राहिला.

“चालेल ना?” त्याने विचारलं.

मी चहाचा घोट घेतला.

“परत.”